मालकांचा उभा सत्कार

दान हे मनुष्यजन्माचं सार्थक आहे, अशी गुरुबसप्पांची श्रद्धा होती. श्रद्धा इतकी पक्की, की फोटोग्राफर वेळेवर आला नाही तर ते दान दुसऱ्या दिवसावर ढकलत.

सोलापुरात त्यांचं चादरी-टॉवेलचं मोठं दुकान. दरवर्षी ते अपंगांना व्हीलचेअरी वाटत आणि त्या समारंभाच्या फोटोखाली बसून वर्षभर गल्ला सांभाळत. वडिलांच्या काळात दुकानात गादी होती, नोकर मांडी घालून माल दाखवत. काचेचं नवं शोरूम झालं आणि नोकरानं बसायचं नाही असा नियम आला. बसलेला नोकर दिसला की दुकानाची कळा जाते, असं गुरुबसप्पांचं मत होतं. हे मत ते फिरत्या खुर्चीतून मांडत.

या नियमाची अडचण दुकानातल्या बिरुदेव नावाच्या नोकराला होती आणि बिरुदेवची अडचण अशी, की तो पैलवानासारखा दिसे. रुंद छाती, जाड मान, भरघोस मिशा. करोनाच्या दुसऱ्या लाटेत तो मरता मरता वाचला. ज्या औषधांनी वाचवलं, त्यांनीच जाता जाता दोन्ही खुब्यांच्या हाडांचा रक्तपुरवठा बिघडवला, असं डॉक्टर म्हणाले. चाल सरळ होती, चेहऱ्यावर तेज होतं. पण थोडा वेळ उभं राहिलं, की कमरेखाली कुणीतरी पाना घेऊन बोल्ट आवळायला बसे. "बसून काम करा," डॉक्टरांनी बजावलं होतं. "नाहीतर हाड ढासळेल."

ऐन लग्नसराईत, दुकान गच्च भरलेलं असताना, चादरी उलगडता उलगडता बिरुदेव मागच्या गठ्ठ्यावर टेकला. गुरुबसप्पांनी पाहिलं.

"काय बे बिरू, गठ्ठा विकायला ठेवलाय का बसायला?"

"मालक, खुबे गेलेत की. एक स्टूल द्या फक्त. बसून दाखवतो माल."

"कुठं गेलेत? जागेवरच दिसायलेत की."

गिऱ्हाइकं हसली. एका बाईंनी तर हातातली चादर तोंडाला लावली.

"एक्स-रे आणून दाखवू का मालक?"

"मला काय दाखवतोस? दरवर्षी अपंग बघतो बे मी. कुबडी असते, काठी असते. तू आरशात बघ स्वतःला." आणि मग, गिऱ्हाइकांकडे बघत, "उभं राहणं जमत नसेल तर घरी बस. घरी बसायला कुणी अडवलंय?"

घरी बसणं परवडणारं नव्हतं. खाणारी तोंडं पाच आणि कमावणारा तो एकटा. बिरुदेव उठला. क्षमा हा फार मोठा गुण आहे. तो बिरुदेवच्या अंगात नव्हता. काउंटरला कोपर टेकवून त्यानं उरलेला दिवस सूड कसा घ्यावा याच्या विचारात काढला आणि त्याला जरा बरं वाटलं.

संधी आपणहून चालत आली. व्यापारी मंडळानं गुरुबसप्पांचा जाहीर सत्कार ठरवला. त्याच मंचावर व्हीलचेअर-वाटप होणार होतं. मालकांच्या समारंभांची व्यवस्था नेहमी बिरुदेवकडे असे.

"मालक, मंचावर खुर्च्या नकोत," तो म्हणाला. "बसलं की फोटोत पोट दिसतं. उभ्या माणसाचा रुबाब वेगळाच."

"डोकं आहे बे तुला," गुरुबसप्पा खुश झाले.

मग बिरुदेवनं स्कूटरवर बसून गाव पालथं घातलं. कापड व्यापारी, गणेश मंडळं, बचत गट, ज्येष्ठ नागरिक संघ, हास्यक्लब. सगळ्यांना एकच निरोप: "एकत्र हार नको. मालकांना प्रत्येकाचा वेगळा सत्कार आवडतो. शाल, हार, नारळ, फोटो. आणि दोन शब्द बोला की." दोन शब्द बोला म्हटल्यावर दोन शब्दांवर थांबलेला माणूस सोलापुरात अजून जन्मायचा आहे.

समारंभ सुरू झाला. बिरुदेव पहिल्या रांगेत, गुरुबसप्पांच्या म्हाताऱ्या आईशेजारी, निंगव्वांशेजारी, ऐसपैस खुर्चीत बसला. मालक मंचावर उभे होते. शाली चढत गेल्या, हार चढत गेले. कापडवाल्यांनी कापडाचा इतिहास सांगितला. ज्येष्ठांनी आपल्या तरुणपणापासून सुरुवात केली. बिरुदेव बघत होता. मालकांनी भार आधी उजव्या पायावर टाकला, मग डाव्या. मग माइकच्या दांड्याला धरलं. मग हसू गालावर थिजलं. यातली एकेक पायरी त्याला घरच्यासारखी ओळखीची होती. त्यानं हात करून पुढच्या मंडळाला वर पाठवलं.

शेवटी व्हायचं तेच झालं. दानशूर गुरुबसप्पा हारांसकट, रिबीन लावलेल्या व्हीलचेअरमध्ये धपकन बसले!

व्यापारी मंडळाचे अध्यक्ष कुजबुजले, "अहो, ती लाभार्थ्यांची आहे." बिरुदेव मंचावर चढला, मालकांच्या कानाशी वाकला.

"उठा मालक. अपंग दिसत नाही तुम्ही. लोक हसतील."

"पाय गेले बे बिरू. टाचा जळायल्यात."

"कुठं गेलेत? जागेवरच दिसायलेत की."

गुरुबसप्पांनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा हारातल्या झेंडूसारखा पिवळा पडला.

मंचामागच्या खोलीत त्यांना नेलं. शालींच्या ढिगावर पाय ठेवून ते पडून राहिले. निंगव्वा काठी टेकत आत आल्या. त्यांनी पोराला आणि बिरुदेवला आळीपाळीनं खोदून विचारलं आणि सगळं काढून घेतलं.

"अव्वा, मला काय माहीत?" गुरुबसप्पा म्हणाले. "दिसतच नव्हतं काही."

"तुझा बाप गेला तवा माझ्या काळजात काय झालं, ते दिसलं व्हतं का तुला? न्हाई नव्हं? मग दुखलं न्हाई म्हणायचं का? दुखणं काय कपाळाला विभूती लावून येतंय व्हय, तुला वळखू यावं म्हणून? माणूस सांगायलाय दुखतंय, तर ऐकायचं. त्यो काय कोर्टात उभा हाय का पुरावा द्यायला? तुझ्या दुकानात उभा हाय, तेच लई झालं."

गुरुबसप्पांनी शालींवरचे पाय खाली घेतले. "बिरू, हे रोज होतं तुला?"

"रोज, मालक."

"चुकलं बे माझं." हे वाक्य त्यांनी फोटोग्राफर नसताना उच्चारलं, म्हणून ते खरं मानायला हरकत नाही.

बिरुदेव चुळबुळला. "अव्वा, हार मीच वाढवले."

"ठावं हाय मला. हास्यक्लब दोनदा आला, तवाच कळलं. बरं केलंस. पर दुसऱ्यांदा कशाला बोलावलास? मला बसून बसून कटाळा आला की."

दुसऱ्या दिवशी काउंटरमागे प्रत्येक नोकराला स्टूल मिळालं. ज्याला दुखतंय त्यानं बसावं, आणि दुखतंय की नाही हे ज्याचं त्यानंच ठरवावं, असा नवा नियम मालकांनी जाहीर केला. बिरुदेव आता बसून माल दाखवतो.

नागरिकहो, आपल्या भोवती धडधाकट दिसणारी अशी किती माणसं रांगेत, बसमध्ये, काउंटरमागे दातावर दात दाबून उभी असतील! कुबडी दिसेपर्यंत आपण त्यांना आळशी म्हणतो. त्यांना आपली दया नको आहे, टेकायला जागा हवी आहे. ती मागणाऱ्याची तपासणी करू नका, सरळ द्या.

गुरुबसप्पांनी दिलेली स्टुलं गिऱ्हाइकांच्या बाजूची होती. गिऱ्हाईक आता उभं राहून चादरी बघतं.