हिरवं पाणी खाली बसतं तेव्हा

आम्हा मासेवाल्यांचा देव माकाल ठाकूर, त्याच्या चौथऱ्यापुढे त्या सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. फळीवर काचेच्या दोन बरण्या होत्या. दोन दिवसांपूर्वी एकाच टाकीतलं हिरवंगार पाणी दोन्हींत सगळ्यांदेखत भरलं होतं, आणि जलबाबा म्हणवणाऱ्या एका बुवाने एकीत आपल्या बाटलीतलं थोडं पाणी ओतलं होतं. आता एक बरणी तशीच हिरवी होती. दुसरीतलं पाणी वरून निवळलेलं आणि तळाला हिरवा थर. बायकांनी जीभ हलवत उलू-उलू असा मंगल गजर केला. पुरुषांनी हात जोडले.

"हलकं आहे तोवर पाप तरंगतं!" बाबा ओरडला. "बाबाचा थेंब पडला की जड होतं, जड झालं की बुडतं! देहसुद्धा बरणीच आहे रे बाळांनो, देहसुद्धा बरणीच!"

मागच्या वर्षी पलीकडच्या गावात हाच गृहस्थ ताईत विकायचा, तेव्हा देह म्हणजे कुलूप होतं म्हणे. धंदा बदलतो तसा याचा देह बदलतो.

पण आमच्या लोकांना बावळट समजू नका. आमच्याकडे घराघरामागे सिमेंटच्या टाक्या आहेत, त्यात गप्पी, मोली, गोल्डफिश वाढवून ते कोलकात्याच्या बाजारात पाठवायचे, हाच सगळ्यांचा धंदा. माशांच्या पिलांना पिसवेएवढे लाल पाणकिडे लागतात आणि त्या किड्यांना खायला हिरवं पाणी लागतं. किडे सोडले की हिरवं पाणी बघता बघता साफ होतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून बाबाने बाटली काढली तेव्हा लोकांनी पहिली शंका हीच घेतली, की यात किडे असणार.

बाटली तपासायला दिली भूदेव नस्करला. किडे ओळखण्यात त्याच्यासारखी नजर पंचक्रोशीत नाही. त्याने पाणी दुहेरी गमछ्यातून गाळलं, तळहातावर घेतलं, उन्हात धरलं, पुन्हा पुन्हा पाहिलं.

"किडा नाही," तो म्हणाला. "अंडंसुद्धा नाही."

त्याच्या तोंडून हे निघालं आणि गावाचा संशय संपला. सगळ्यांत आधी संपला तो भूदेवचाच.

माझं बसथांब्यावर औषधांचं दुकान आहे. भूदेवची मुलगी रिम्पा सातवीत होती. लहानपणीच तिला साखरेचा आजार जडला होता. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नसे, त्यामुळे रोज सुई टोचून घ्यावी लागे. भूदेव बर्फाच्या डब्यातून औषध न्यायचा, कधी चुकायचा नाही. या खेपेला आलाच नाही, म्हणून रस्त्यात गाठून विचारलं.

"आता नाही लागणार, ननीदा," तो हसून म्हणाला. "बाबांनी रिम्पाच्या नावाची बरणी मांडलीय. ती निवळली की तिची साखर तळाला बसणार. तोवर सुई बंद. सुईने थेंबाचा अपमान होतो."

"थेंबाला मान आहे, आणि पोरीला जीव नाही का रे? कधीपासून बंद केलीस?"

"काल सकाळपासून. आणि चेष्टा करू नका, बाटली मी स्वतः पाहिलीय. किडा असता तर मला दिसला नसता?"

 दुकानातून इन्सुलिनची सुई उचलून मी तडक मुलींच्या शाळेत गेलो. तिथे सुतपा गायेन जीवशास्त्र शिकवतात, गाव त्यांना दिदिमणी म्हणतं. सगळं ऐकून त्या उठून उभ्याच राहिल्या.

"किडा नव्हता, हे खरंच आहे ननीदा. पण ते किड्यांचं पाणी होतं. ज्या पाण्यात किडे राहिले, शेवाळ खाऊन वाढले, ते पाणी कागदातून गाळलं की किडा एकही उरत नाही, पण त्यांचा वास उरतो. हिरवं पाणी म्हणजे डोळ्याला न दिसणारं शेवाळ, एकेकटं तरंगणारं. खाणारा जवळ आलाय हे त्याला त्या वासाने कळतं. मग नव्या पेशी सुट्या होत नाहीत. चार-चार, आठ-आठ चिकटून राहतात, कडेला काटे काढतात. घास किड्याच्या तोंडात मावत नाही. जीव वाचवायची युक्ती आहे ती. पण असे घोळके जड होतात आणि हलवलं नाही तर खाली बसतात."

"मग चला, भूदेवला दाखवू."

"दाखवायला दोन दिवस लागतील. शेवाळाला वाढावं लागतं."

"पोरीकडे दोन दिवस नाहीत, दिदिमणी."

"मग आधी हॉस्पिटल," त्या म्हणाल्या. "बरणी नंतर."

भूदेवच्या ओसरीवर रिम्पा चटईवर पडली होती. ओठ सुकलेले, उशाशी पाण्याचा तांब्या, श्वास पळून आल्यासारखा खोल आणि भराभर. तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास येत होता. तिला पहाटेपासून उलट्या होत होत्या. तिची आई शिबानी पंखा हलवत होती.

"काका, पाणी द्या ना," रिम्पा मला म्हणाली.

"लघवीवाटे साखर बाहेर पडतेय," भूदेव म्हणाला. "बाबा म्हणालेच होते."

मी सुई काढली तर त्याने माझं मनगट धरलं. सुतपादिदींनी त्याला सगळं समजावलं. किडे, वास, काटे, सगळं. तो शांतपणे ऐकत होता.

"दाखवा," तो म्हणाला.

"दाखवते. पण आत्ता हिला हॉस्पिटलात न्या."

"आधी दाखवा. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मानायचं नाही, हेच शिकवता ना तुम्ही शाळेत? बाबांनी दाखवलं. तुम्ही नुसतं बोलताय."

 मग सुतपादिदींनी त्याच्याच टाकीतल्या हिरव्या पाण्याने दोन बरण्या भरल्या, किडे ठेवलेल्या हंडीतलं पाणी कागदातून गाळून एकीत घातलं आणि बरण्या ओसरीवर ठेवल्या. भूदेव त्यांच्यासमोर बसून राहिला. शेजारी पोर तडफडत होती आणि बाप बरणी राखत होता. मला आजही त्याची चीड येते.

दुपारी रिम्पा हाकेला ओ देईना. तेव्हा शिबानीने नवऱ्याला काही विचारलं नाही. पोरीला उचललं, रस्त्यावरची टोटो रिक्षा थांबवली आणि मला म्हणाली, "दादा, बसा." हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी शर्थ केली, पण फार उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी रात्री रिम्पा गेली.

बाबा सांत्वनाला आला, हे त्याचं धाडस! "बरणी निवळत आली होती," तो म्हणाला. "पण सुईचं जुनं विष फार मुरलं होतं." आणि माना डोलावणारेही निघाले.

तिसऱ्या दिवशी तिला पोचवून आलो तेव्हा ओसरीवरची एक बरणी निवळली होती. सुतपादिदींनी दोन्ही बरण्या आणि शाळेतला सूक्ष्मदर्शक चौथऱ्यावर नेला.

"पाहा! ठाकुराने बाईंच्या हातालाही गुण दिला!" बाबा म्हणाला. हजरजबाबी होता, यात वाद नाही.

तेवढ्यात शिबानी चौथऱ्यामागच्या त्याच्या खोलीतून झाकण लावलेलं घमेलं फरफटत घेऊन आली. आत लाल किड्यांची खळबळ होती आणि झाकणाखाली गाळायचे कागद.

"ते... ते माशांना घालायला," बाबा चाचरला.

"तुझ्याकडे मासे कुठे आहेत?" शिबानीने विचारलं.

 लोक बाबाच्या अंगावर धावले. सुतपादिदी मध्ये पडल्या, म्हणून तो पोलिसांच्या हाती धड लागला.

गर्दी पांगल्यावर भूदेवने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. हिरव्या बरणीच्या थेंबात सुटे हिरवे ठिपके. निवळलेल्या बरणीच्या तळातल्या थेंबात चार-चार जोडलेले, कडेला काटे उभारलेले. तो खूप वेळ पाहत होता.

"म्हणजे मी बरोबर पाहिलं होतं," तो म्हणाला. "मग चुकलं कुठे, दिदिमणी?"

सुतपादिदी म्हणाल्या, "तुम्ही बाटली तपासलीत, भूदेवदा. त्या बरणीचा रिम्पाच्या रक्ताशी काय संबंध, हे तपासलं नाहीत. बरणी खरोखर देवाने निवळवली असती, तरीही रिम्पाला सुई लागलीच असती."

 शिबानी भूदेवकडे न पाहता घरी निघून गेली.

तुम्हाला एवढंच सांगतो. एखादी गोष्ट कशी घडली हे आज कळलं नाही, तर "कळलं नाही" म्हणा. त्यात कमीपणा नाही. पण तेवढ्यावर कुणी आजाऱ्याचं औषध बंद करायला सांगितलं, तर तिथल्या तिथे विचारा, याचा माझ्या माणसाच्या आजाराशी संबंध काय? उत्तर मिळायला दोन दिवस लागोत की दोन वर्षं लागोत, तोवर सुई चालू ठेवा.