जायफळाची फांदी

१९३३ साली पुण्याच्या प्रदर्शनात मी काढलेल्या सुरंगीच्या फुलांच्या चित्राला रुप्याचं पदक मिळालं. ते आनंदीबाईंच्या दिवाणखान्यात आहे.

आम्ही चौघी मैत्रिणी रविवारी रत्नागिरीच्या आसपासच्या जुन्या घरांच्या बागांत बसून चित्रं काढत असू. चित्रावर सही करायची नाही, हा आमच्यातल्या थोरल्या आनंदीबाईंचा नियम. चौकटी बसवून चित्रं प्रदर्शनाला पाठवायचं कामही त्यांचंच, आणि खाली नाव लिहायचंही. सुरंगीखाली त्यांनी स्वतःचंच लिहिलं होतं. पदकाबद्दल मी विचारलं तेव्हा त्या हसल्या.

"मालन, तू बी.एस्सी. झालेली. तुला नावाची काय कमी?"

ज्या बायकांसमोर त्या मिरवल्या, त्यांच्याचसमोर त्यांची मान खाली गेलेली मला पाहायची होती.

पुढच्या वर्षी गोदूबाईंनी आपल्याच ओसरीवर प्रदर्शन भरवलं. त्यांचं घर पेशवाईतलं, मागे पोफळींच्या सावलीत जायफळाची बाग. पहिलं ठरणारं चित्र माजघरात कायमचं लागणार होतं, नावासकट.

मी जायफळाची फांदी काढली. उकललेलं फळ, आत लालभडक जायपत्री. त्याच फांदीवर, फळाला लागून, शेजारच्या झाडाचा फुलांचा झुपका रंगवला. जायफळात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. फळ मादीला धरतं, झुपके नराला येतात. बागाईतदार झुपके पाहून नर ओळखतो आणि एखाददुसरा ठेवून बाकीचे तोडतो. आनंदीबाई झाडाकडे कधी बघत नसत, दुसरीच्या कागदाकडे बघत.

"किती सुरेख गं," म्हणत त्या माझं चित्र चौकटीसाठी घेऊन गेल्या.

प्रदर्शनात गोदूबाई चष्मा लावून त्या चित्रापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या.

"आनंदी, हे तू काढलंस?"

"हो काकू. समोर बसून."

"माझ्या बागेत?"

"तुमच्याच. दिसलं तसं काढलं."

"मग ते झाड मला दाखव गो. या घरात सून म्हणून आले ती म्हातारी झाले, पण नराला फळ धरलेलं पाहिलं नाही. झाडांत नाही, माणसांत नाही."

बायका हसल्या. आनंदीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मालन, तू होतीस ना तिथे? सांग की."

"मी माझ्या कागदाकडे बघत होते," मी म्हटलं.

गोदूबाई काठी घेऊन पायऱ्या उतरल्या. मागोमाग सगळ्या. आनंदीबाई रेशमी नऊवारी सावरत शिंपण्याच्या चिखलातून एकेका झाडाखाली जाऊन वर बघू लागल्या.

"हे का, वहिनी?" आमच्यातली सखू प्रत्येक झाडाशी विचारी. तिची चेष्टा थांबेना आणि मीही तिला थांबवलं नाही. एका वाक्यात हे सगळं संपलं असतं. ते वाक्य आनंदीबाईंच्या ओठांवर येऊन परत जाताना मला दिसत होतं. मला घाई नव्हती.

झाडं संपली तेव्हा त्या म्हणाल्या, "ते चित्र माझं नाही."

"मग कोणाचं?"

त्यांनी माझ्याकडे बोट केलं. गोदूबाई वळल्या. "तुझं?"

"माझं असतं तर खाली माझं नाव असतं, काकू."

गोदूबाईंनी मान हलवली आणि चहाला चला म्हणाल्या. आम्ही घराकडे निघालो. आनंदीबाईंसाठी कोणी थांबलं नाही.