हजेरीच्या फळ्यावरचा नऊ

मी एक फळा बोलतोय. वर्गातला मोठा फळा नव्हे हं, त्याचा थाटच वेगळा. त्याच्यावर कविता असायच्या, नकाशे असायचे. मी आपला दाराबाहेर खिळ्याला टांगलेला, हातभर लांबीचा. माझ्यावर दोनच आकडे. वर पट, म्हणजे शाळेत किती पोरांची नावं आहेत. खाली हजर, म्हणजे त्यातली आज किती आली. एवढंच माझं काम, आणि ते मी पुष्कळ वर्षं केलं.

आधीच सांगून टाकतो, मला वाचता येत नाही. तुम्ही म्हणाल, जन्म शाळेत गेला आणि वाचता येत नाही? पण तुमच्या पाठीवर कुणी लिहिलं तर तुम्हाला ते दिसतं का? तसंच माझं. मी आकडे ओळखतो ते खडूच्या चालीवरून. एकाला खडू डोक्याशी छोटं कडं करतो आणि काठीसारखा खाली येतो. शून्याला तो निघाला तिथेच परत येतो. नवाला मात्र बिचाऱ्याला फार फिरावं लागतं; वळसा घे, आत ये, मग शेपूट सोड. लहान पोरांचा खडू नवालाच मोडायचा.

मूळचा मी एका मोडक्या खाटेची फळी. गावच्या सुताराने मला रंधा मारून गुळगुळीत केलं, काजळी आणि डिंक खलून काळं केलं. हात चालवताना तो स्वतःशीच म्हणाला होता, "मी नाही गेलो शाळेत. माझं लाकूड तरी जाऊ दे." पट आणि हजर ही अक्षरं त्याला कुणीतरी कागदावर काढून दिली होती. त्याने ती पानाफुलांची नक्षी उतरवावी तशी उतरवली. त्यामुळे 'हजर' जरा वाकडा झाला, आत्ता पडेल की मग पडेल असा. पण पडला नाही कधी.

तेव्हा पट त्रेसष्ट होता. रोज एकेका पोराची पाळी असायची. ज्याची पाळी त्याने दारात उभं राहून डोकी मोजायची आणि बाहेर येऊन वरचा नि खालचा, दोन्ही आकडे माझ्यावर लिहायचे. लिहिताना सगळ्यांची जीभ बाहेर यायची, शहाण्याची आणि वेड्याची सारखीच. आणि एक गंमत मी वर्षानुवर्षं पाहिली. नवं पोर सगळ्यांना मोजायचं आणि स्वतःला विसरायचं. मग शिपाईमामा म्हणायचे, "काय रे, तू काय भूत आहेस?" सगळी हसायची, आणि ते पोर लाजत एक वाढवायचं.

शिपाईमामा म्हणजे शाळेचा शिपाई. झाडलोट त्यांची, घंटा त्यांची, पाण्याचा पिंप भरणं त्यांचं, आणि रोज सकाळी ओल्या फडक्याने मला पुसणंही त्यांचंच. सगळ्या पोरांचे ते मामा. शिकवणाऱ्या बाईसुद्धा त्यांना मामाच म्हणायच्या.

पुढे गावात कामं आटली. लोक शहराकडे, गिरण्यांकडे, बांधकामांवर जायला लागले. गल्लीत कुलपं वाढली आणि माझ्या अंगावरचे आकडे उतरले. त्रेसष्टाचे चाळीस, चाळिसाचे बावीस. शिकवणारे तिघं होते, तिथे एकट्या बाई उरल्या. मग वरून नियम आला, पट दहाच्या खाली गेला की शाळा बंद. पुढची शाळा टेकडीपलीकडे, मोठ्या माणसाच्या पायाने दीड तास. सहा वर्षांच्या पोराने तिथे जायचं म्हणजे न जाणंच.

ज्या सत्राची गोष्ट मी सांगतोय ते पानगळीचं सत्र. सुट्टी संपून शाळा उघडते, अंगणातलं मोठं झाड पिवळं पडायला लागतं, आणि सकाळचं ऊन माझ्यापर्यंत पोचायला उशीर होतो, ते. त्या सत्राच्या सुरुवातीला पट बरोबर दहा होता. दहावा होता मुंगीचा भाऊ.

मुंगी म्हणजे शाळेतली सगळ्यात लहान मुलगी. अंगाने काटकी, पण सारखं काहीतरी वाहून नेत असायची. स्वतःचं दप्तर, भावाचं दप्तर, वाटेतली काटकी, पाण्याचा तांब्या. म्हणून मुंगी. भाऊ चौथीत. तिच्या शेजारी खिडकीपाशी बसायचा. शाळा उघडून आठवडा झाला नाही तोच त्यांचा बाप त्याला शहरात घेऊन गेला. हाताशी एक माणूस हवा म्हणाला. मुंगी आणि तिची आई, आणि तान्हं बाळ, मागे राहिली. बाप शाळेतून दाखला न्यायला काही आला नाही, त्यामुळे हजेरीच्या वहीत पोराचं नाव तसंच राहिलं. बाईंनी माझ्यावर पट मात्र नऊ करून टाकला. त्या तशाच होत्या, सरळ.

मग मुंगीची पाळी आली. ती दारात उभी राहिली, बोट नाचवत डोकी मोजली, मग खिडकीपाशी रिकाम्या जागेवर बोट ठेवलं आणि माझ्यावर येऊन लिहिलं, वरही दहा, खालीही दहा. पोरं हसली. बाईंनी समजावलं. पुढच्या पाळीला पुन्हा दहा. त्याच्या पुढच्याला पुन्हा. मामा म्हणाले, बरं आहे, इतर पोरं स्वतःला विसरतात आणि ही नसलेल्यालाही धरते, हिशेब सारखा होतो. पण बाई हसल्या नाहीत.

त्यांनी तिला वजाबाकी शिकवायला घेतली. रोज मधल्या सुट्टीत, माझ्याखालच्या पायरीवर. दहा पानं मांडायची, एक फुंकर मारून उडवायचं, आणि विचारायचं किती राहिली. मुंगी मान खाली घालून म्हणायची, दहा. एकदा बाई जरा त्रासून म्हणाल्या, "अगं, एक गेलं ना?"

"कुठे गेलं, बाई? ते काय अंगणात पडलंय."

"गेलं ते मोजायचं नाही, मुंगे."

"मग त्याला कोण मोजणार?"

बाईंनी पानं गोळा केली आणि म्हणाल्या, उद्या बघू.

असे अडीच महिने गेले. झाड अर्धं उघडं झालं. कधी पानं, कधी खडे, कधी खडूचे तुकडे. बाईंचा आवाज चढलेला मी ऐकला नाही.

एक दिवस शहराकडून येणाऱ्या ट्रकवाल्याने निरोप आणला. पोरगा कामाला लागलाय, बरा आहे, आता यायचा नाही. दुसऱ्या दिवशी मुंगीची पाळी होती. ती दारात आली, डोकी मोजली, खिडकीपाशी बोट क्षणभर थांबलं आणि खाली आलं. मग ती माझ्याकडे आली. पटाचा आकडा वर, म्हणून टाचा उंच केल्या. खडूने वळसा घेतला, आत आला, शेपूट सोडली. इतका जोर देऊन, की रंगाखालच्या लाकडाला चरा पडला. नऊ.

बाई म्हणाल्या, "बरोबर. शाबास." तिला एक पिवळा खडू बक्षीस दिला आणि त्या वर्गामागे गेल्या. मामांनी नंतर विचारलं, तर म्हणाल्या, डोळ्यांत खडूची धूळ गेली.

पंधरा दिवसांनी कळलं, की तपासणीला साहेब येणार. या तपासणीवरच शाळेचं ठरणार होतं. मामा आदल्या दिवशी संध्याकाळी बाईंपुढे उभे राहिले. ते म्हणाले, बाई, पोराचं नाव वहीत आहे. दाखला नेलेला नाही. कागदावर तो आपलाच आहे. पट दहा लिहा, हजर नऊ लिहा, आणि सांगा एक आजारी आहे. साहेब तेवढंच बघतात.

बाईंनी हातातलं डस्टर खाली ठेवलं. मग म्हणाल्या, ठीक आहे. मामांनी पोरांना बोलावून नीट पढवलं, कुणी विचारलं तर दहावा तापाने घरी आहे. पोरं हुशार, लगेच माना हलवल्या. फक्त मुंगीला बाईंनी आधीच घरी पाठवलं होतं.

"तिला नको सांगायला," त्या म्हणाल्या. "तिला कोणत्या तोंडाने सांगू, की भावाला आता पुन्हा मोज म्हणून?"

मामा म्हणाले, मग उद्या तिला घरीच राहू दे. बाई म्हणाल्या, म्हणजे हजर आठ. दोन आजारी म्हटल्यावर साहेब घरोघर जातील. लहान पोर आहे, तिला कोण काय विचारतंय, असं शेवटी दोघंही धरून चालली. इथेच ती दोघं चुकली. शाळेतल्या माणसांनी तरी असं धरून चालू नये.

सकाळी पटाचा आकडा बाईंनी स्वतः लिहिला. खडूने कडं केलं, काठी उतरली, आणि मग शून्य काढलं. गोल जुळला नाही नीट.

साहेब आले. वाईट माणूस नव्हता. सर्दीने बेजार, रुमाल नाकाला. त्यांनी वही पाहिली, पाण्याचा पिंप पाहिला, पोरांकडून पाढे म्हणवून घेतले. सगळं ठीक चाललं होतं. जाता जाता दारात थांबले, माझ्याकडे बघितलं, आणि मोठ्या माणसांची जी सवय असते, की सगळ्यात लहान दिसेल त्याला काहीतरी विचारायचं, तसं मुंगीला म्हणाले, "बाळ, वर काय लिहिलंय? वाच बघू."

"दहा," मुंगी म्हणाली. "पण ते चुकलंय."

ती पुढे आली. तळहाताला थुंकी लावून तिने एक पुसला आणि शून्यही पुसलं. खिशातून पिवळा खडू काढला. तो जुन्या चऱ्यातूनच गेला, वाट माहीत असल्यासारखा. "दादा शहरात गेला. गेला तो मोजायचा नाही," ती म्हणाली, आणि शाबासकीसाठी बाईंकडे बघितलं.

मामा घाईने म्हणाले, साहेब, लहान आहे ती, तिला काय कळतंय. साहेबांनी रुमाल खिशात घातला. "बाई, हिचं बरोबर, की आधीचं बरोबर होतं?"

पोरं बाईंकडे, मामा बाईंकडे. बाई मात्र मुंगीकडे बघत होत्या. नुसतं 'तिचं चुकलं' म्हणाल्या असत्या तर शाळा राहिली असती.

"तिचं बरोबर आहे," बाई म्हणाल्या. मग मुंगीच्या डोक्यावर हात ठेवून, "शाबास."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. नियम माझा नाही, बाई, एवढं हळूच म्हणाले आणि गेले.

मामा चार दिवस बाईंशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी पिंप भरता भरता म्हणाले, "एका आकड्याने काय बिघडलं असतं हो?"

"मामा, तिला तो यायला अडीच महिने लागले," बाई म्हणाल्या.

झाडावरचं शेवटचं पान पडायच्या आत शाळा बंद झाली. बाईंची बदली लांब झाली. बाक, घंटा, मोठा फळा, सगळं यादी करून नेलं. माझं नाव यादीत नव्हतं, म्हणून मामा मला काखेत मारून घरी घेऊन आले. मोठी पोरं टेकडी ओलांडून जायला लागली, पण थंडी पडल्यावर त्यातलीही निम्मी घरी बसली. मुंगी एकही दिवस गेली नाही. आई रोजावर जाते, बाळ तिच्या कडेवर असतं.

आता मी मामांच्या शेळ्यांच्या खोपटाच्या दाराची एक फळी आहे. पावसाने काळा रंग गेला. सुताराचा वाकडा 'हजर' शेळ्यांनी चाटून संपवला. पिवळा खडू तर कधीच धुऊन गेला. फक्त तिने दोनदा गिरवलेला चरा लाकडात राहिला आहे.

परवा मुंगी आली होती, बाळासाठी पेलाभर दूध मागायला. मामा दूध काढेपर्यंत माझ्यासमोर उभी राहिली. बाळाने माझ्याकडे हात केला. तिने त्याचं बोट धरून चऱ्यावरून फिरवलं, उलटं, शेपटीकडून वर. मग जरा आठवून पाहिलं आणि त्याला सांगितलं, "हा दहा."

मामांनी ऐकलं. शेळीच्या पोटाशी डोकं टेकून बसून राहिले. पेला भरून सांडायला लागला तरी त्यांच्या ध्यानात आलं नाही.

ती नऊ विसरली, का तिने भावाला परत मोजणीत धरलं, मला सांगता यायचं नाही. मी अडाणी लाकूड. माझ्यावर जे लिहितात ते मी अंगावर बाळगतो, त्यापलीकडे माझ्या हातात काही नाही. आणि एवढ्यात मलाही वाळवी लागली आहे, खालच्या कोपऱ्यातून ती वर सरकते आहे.

तुम्हाला वाचता येतं, म्हणून तुम्हाला सांगतो. कधी या बाजूने गेलात, आणि कडेवर बाळ घेतलेली एक काटकी पोरगी दिसली, तर घडीभर थांबा. तिला म्हणावं, खोपटाच्या दारावर आहे तो नऊ आहे. तूच लिहिला होतास, मुंगे. आणि तो बरोबर होता.