ढाप्याखालचा नळ

मित्रांनो, मी एक जुना लेझर स्कॅनर आहे. तिपाईवर उभा राहून मी गरागरा फिरतो आणि किरण टाकून समोरची वस्तू किती लांब आहे ते मोजतो. त्या मापांच्या ठिपक्यांतून संगणकावर हुबेहूब चित्र उभं राहतं. लोकांना वाटतं, मला जमिनीच्या पोटातलंही दिसतं. तसं नाही हं! झाकण उघडलं, तरच आतलं दिसतं.

उमेदीची वर्षं मी अंबरनाथच्या कारखान्यांत घालवली. साहेब लोक माझं तोंडभरून कौतुक करत. मग हलकी, चपळ यंत्रं आली आणि मी कपाटात पडलो. फार वाईट वाटलं. तिथून मला बाहेर काढलं ते मोजणी करणाऱ्या हिमानीताईंनी. आधी त्यांनी माझी काच मऊ फडक्याने पुसली. अशी माणसं विरळाच.

त्यांनी मला बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात नेलं. दुसऱ्या दिवशी तिथे गटारासाठी जेसीबी खणणार होता आणि त्याच रस्त्याखालून गल्लीचा पाण्याचा मोठा नळ जात होता. जुन्या नकाशात तो सरळ होता. पहिल्या चेंबरमध्ये मला उतरवलं, तर तो वळलेला दिसला. वळून गेला कुठे? पुढचं चेंबर काही सापडेना.

जवळच्याच एका घराच्या ओट्यावर तिथल्या बनूबाई बसल्या होत्या. ताईंनी गमतीने विचारलं, "मावशी, इथला ढापा कोणी ढापला?"

चेंबरच्या झाकणाला इथे ढापा म्हणतात, पण ढापणं म्हणजे चोरणंही! बनूबाईंच्या कपाळाला आठी पडली. "आमी काय चोर हाव गो?" म्हणून त्यांनी तोंड फिरवलं.

ताईंनी जीभ चावली. सबब न सांगता माफी मागितली आणि नळ फुटला तर गल्लीत थेंबभर पाणी येणार नाही, हे समजावलं. बनूबाई उठल्या. त्यांनी ओट्यापुढच्या कुंडीतल्या तुळशीला हात जोडले.

"ढापा हिचे खाली हाय. पन तुलस मीच हलवीन."

कुंडी सरकली, ढापा उघडला. ताईंनी मला उलटं टांगून आत सोडलं. काळोख, घाण वास, झुरळं! पण नळ समोर होता, आणि जेसीबीसाठी आखलेली चुन्याची रेघ नेमकी त्याच्या डोक्यावर. ताईंनी ती पायाने पुसून दुसरीकडे आखायला लावली.

दुसऱ्या दिवशी खोदकाम झालं, नळाला धक्काही लागला नाही. संध्याकाळी बनूबाईंच्या घरी पाणी आलं, तेव्हा ताईंच्या डोळ्यांतही आलं.

मित्रांनो, घरापुढे खुशाल ओटा घाला, तुळस लावा. पण ढापा मोकळा ठेवा. रस्ता करणाऱ्यांनाही सांगा, झाकणं डांबराखाली गाडू नका. झाकलेला नळ माझ्यासारख्या यंत्रालाही दिसत नाही. फुटलेला मात्र साऱ्या गल्लीला दिसतो.