मशीनचा आवाज

मी एक जुनी शिलाई मशीन आहे, आणि संगीताच्या एका अल्बमवर माझे नाव छापलेले आहे. हसलात ना? हसा, मित्रांनो. मलाही आधी खरे वाटले नव्हते.

माझे अंग ओतीव लोखंडाचे. काळ्या रंगावर कुणीतरी बारीक ब्रशने सोनेरी वेल काढली आणि मी एका नाट्यगृहात, रंगमंचामागच्या खोलीत खिडकीशी येऊन बसले. तिथे नटांचे कपडे शिवणाऱ्या मावशी मला भेटल्या. त्यांना सगळेच मावशी म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठे दिग्दर्शकसुद्धा. राजाचा अंगरखा असो की भिकाऱ्याचे ठिगळ, आम्ही दोन्ही सारख्याच मायेने शिवले. कौतुक अंगरख्याचे झाले. चालायचेच.

वय झाले तशी मी कुरकुरू लागले. मावशींनी पाय दाबला की खालचा सांधा ‘कुईं’ करायचा आणि पाठोपाठ सुई ‘खट’. हिला आता निवृत्त करा, असे एक नट म्हणाला. आधी तू हो, मग तिचं बघू, असे मावशींनी त्याला ऐकवले.

मग एक नवे नाटक आले. शिवणकाम करून लेकराला वाढवणाऱ्या आईचे, जवळजवळ मुके. त्याला संगीत द्यायला एक ताई आली, कडेवर तान्ही लेक घेऊनच. पोर कुणाकडे झोपेना. मावशींनी तिला माझ्याजवळ कापडांच्या ढिगावर निजवले आणि शिवण चालू ठेवली. कुईं-खट, कुईं-खट. पोर गाढ झोपली. ताई दारात उभी राहून ऐकत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, “मावशी, पाय थांबवू नका.”

त्या दुपारी तिला तिचे संगीत सापडले. माझी कुरकुर, कात्रीची करकर, कापड टरकावल्याचा आवाज आणि मध्येच एकटे व्हायोलिन. हे संगीत आहे की दुरुस्तीचं दुकान, असे व्हायोलिनवाले काका पुटपुटले. पण प्रयोगाला लोक श्वास रोखून ऐकत, आणि विंगेतल्या अंधारात मी वाजत असे.

नाटकाचे प्रयोग संपले. निदान संगीत तरी उरावे म्हणून ताईने अल्बम काढायचे ठरवले. ध्वनिमुद्रणाला एकच दिवस होता, कारण नंतर काका लेकाकडे परदेशी जाणार होते. आता मावशींचा स्वभाव सांगते. चार लोकांत जायचे तर लेकराचे तोंड धुऊनच न्यायचे! टेम्पोत चढवण्यापूर्वी त्यांनी मला पुसून लखलखीत केले आणि सांध्यासांध्यात तेल घातले.

स्टुडिओत सगळे गप्प झाले. मावशींनी पाय दाबला. मी लोण्यासारखी फिरले. ‘खट’ होते, ‘कुईं’ नव्हते.

कुणीतरी सुचवले म्हणून तेल काढायला सांधा रॉकेलने पुसला, तर मी आणखीच गुळगुळीत झाले. ताई नुसती भिंतीला टेकली. मावशींना रडू आवरेना.

“नटवायला गेले गं हिला, आणि मुकी करून बसले,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं ऐकलंय, अजून कानात आहे. बघ, अशी करायची.”

आणि पाय चालवत त्यांनी तोंडानेच ‘कुईं’ काढले. सांधा अडखळायचा तिथे अडखळलेले, जाड कापडावर लांबलेले, हुबेहूब माझे. किरकिरणारी पोर ताईच्या खांद्यावर हळूहळू डोळे मिटू लागली. ताईने काचेपलीकडे खूण केली. ध्वनिमुद्रण सुरू झाले.

“मावशी,” ती अगदी हळू म्हणाली, “थांबवू नका.”

अल्बम निघाला. त्यावर मावशींच्या नावापुढे ‘शिलाई मशीन’ असे छापले आहे. छपाईत चूक झाली गं, असे मावशी म्हणाल्या. ताई म्हणाली, अजिबात नाही.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंना तेल जरूर घाला. मावशी मला अजूनही घालतात आणि मला ते फार आवडते. फक्त घालण्याआधी घटकाभर शेजारी बसा, ती वस्तू काय म्हणते ते ऐका. जुन्या माणसांपाशीही असेच बसा. आता मावशींचे गुडघे कुरकुरतात आणि मी गप्प असते. त्यांचा पाय पडला की मी होईल तितकी हलकी फिरते. माझा आवाज गेला तेव्हा तो त्यांच्यापाशी जपलेला होता, हे मी कशी विसरेन?