सहाशे फक्त

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. लाकडी मुठीचा, तळहातात मावेल एवढा. सरकारी कचेरीतल्या चार नंबरच्या खिडकीमागे, कुलूपबंद खणात माझे आयुष्य गेले. माझ्या अंगावर तीनच शब्द कोरलेले आहेत : 'दरमहा सहाशे फक्त'. ज्यांना आता काम करणे जमत नाही, त्यांच्या कार्डावर मी उमटलो की त्यांना निर्वाहभत्ता मिळतो.

नवा होतो तेव्हा मी फार ऐटीत असे. पहिल्याच दिवशी शिलाईमावशी आल्या. कपड्यांच्या कारखान्यात त्यांची बोटे यंत्रात सापडली होती. कार्ड छातीशी धरून त्या म्हणाल्या, "निम्म्यात खोलीचं भाडं, निम्म्यात मी. झालं की सगळं!" जाताना त्यांनी कारकुनाच्या हातावर पेपरमिंटची गोळी ठेवली. मला वाटले, ती माझीच बक्षिसी.

माझा कारकून मोठा काटेकोर. रोज संध्याकाळी तो टाचणीने माझ्या अक्षरांत अडकलेली शाई काढायचा आणि मऊ फडक्याने मला पुसायचा. साहेब सगळ्यांना सांगत, "वस्तू कशी वापरावी, ते याच्याकडून शिका." मी फुगून जाई.

खिडकीबाहेर काय चालले होते, ते मला उशिरा कळले. आठव्या वर्षी मावशींच्या खोलीचे भाडे साडेचारशे झाले. त्यांनी दूध बंद केले. अकराव्या वर्षी पाचशे. तेव्हा त्या चपलेला दोरी बांधून आल्या. पीठ, तेल, साबण, सगळेच चढत गेले. मी मात्र होतो तिथेच. पंधराव्या वर्षी घरमालकाने साडेसहाशे मागितले. मला ओरडावेसे वाटले. पण शिक्क्याला कोरलेले तेवढेच बोलता येते.

"बाबा रे, पुढे हाताने आणखी दोनशे लिही की," मावशी हसत कारकुनाला म्हणाल्या.

"मावशी, माझी नोकरी जाईल."

"म्हणजे माझी खोली गेली तर चालेल?"

कारकुनाने मान खाली घातली आणि मला कार्डावर दाबले.

खोली गेलीच. पुढच्या महिन्यात आल्या तेव्हा मावशी भाचीकडे राहत होत्या, स्वयंपाकघरात. "सगळ्यांची जेवणं उरकली, की मला आडवं व्हायला जागा," त्यांनी सांगितले. कारकुनापुढे वरच्या कचेरीचा वार्षिक कागद पडला होता. 'शिक्क्याची स्थिती?' या प्रश्नापुढे त्याने दरवर्षीप्रमाणे लिहिले होते, 'उत्तम. बदलण्याची गरज नाही.' मावशींनी ते मोठ्याने वाचले.

"अरे लेका, गरज नाही?"

"मावशी, ते रबराबद्दल विचारतात."

"मग आकड्याबद्दल कोण विचारतं?"

रांग खोळंबली.  कारकुनाने ती ओळ खोडली आणि लिहिले, 'रबर ठीक. आकडा निकामी. यात आता एका खोलीचे भाडेही भागत नाही.' मग त्याने खाली सही केली.

उत्तर अजून आलेले नाही. मी खणात आहे. रोज बाहेर येतो, तेच तीन शब्द उमटवतो आणि वर कुलूप लागते.

मित्रांनो, वस्तू जपाव्यात, हे तुम्हाला सगळेच सांगतात. ते खरेही आहे. पण मला जपू नका. उद्या तुमच्यापैकी कोणी या खिडकीमागे बसले, तर दरवर्षी एकदा बाजारात जाऊन भाव विचारून या. सहाशेत माणूस जगत नसेल, तर मला खुशाल केरात टाका. मी मुळीच रागावणार नाही.