उतरलेला ताप

“बोलो, बुखार उतरा कि नहीं?”

“उतरा!” खातेगावजवळच्या मांडवात दोनशे माणसं एकदम ओरडली.

महाराजांनी इंदूच्या कपाळावरून हात उचलून सगळ्यांना दाखवला. “काल भट्टी होती, आज बर्फ! शरीराची शक्ती झोपली होती, आमच्या पुडीने जागी केली. डॉक्टर काय देतो? रोज गोळी, जन्मभर गोळी. अरे, रोग संपला तर त्याचं दुकान चालेल कसं?”

लोक हसले. भगवंतने बायकोचा हात हातात घेतला. हात गार होता, आणि सोडल्याबरोबर तसाच खाली पडला. जयजयकार चालूच होता. इंदू मेली आहे हे त्या मांडवात फक्त त्याला कळलं होतं.

तेरावं झाल्यावर देवासच्या घरी त्याने गहू काढायला कोठीत हात घातला. कडुनिंबाच्या पाल्याखाली एचआयव्हीच्या गोळ्यांच्या सात बाटल्या निघाल्या. एकीचंही सील तुटलेलं नव्हतं. इंदू दर महिन्याला बाटली आणून त्याला दाखवायची. गोळ्या चालू आहेत, मग पुडीने काय बिघडतं, असं त्याला वाटत होतं.

शेजारच्या जमुनाबाईंनी रडत रडत खरं सांगितलं. महाराजांनी इंदूला टेकडीवरच्या तुळजाभवानीला नवस बोलायला लावला होता: गोळ्या सोडते, मला बरी कर. आणि नवस फिटेपर्यंत तो नवऱ्यालाही सांगायचा नाही, ही तर घरची जुनी रीत. महाराजांना ती चांगली ठाऊक होती.

“मलाही तोच आजार, मीही तोच नवस बोललेय, भाऊ. इंदूनेच नेलं मला. पण मला तर फरक पडला! भूक लागते. चेहरा बघा ना, कसा भरलाय.”

चेहरा खरंच भरला होता. इंदूचाही असाच भरला होता.

उरलेली पुडी घेऊन तो इंदूला गोळ्या देणाऱ्या डॉक्टर अल्पनांकडे गेला. आठवड्याने तपासणीचा अहवाल आला.

“पुडीत नुसती राख आहे, आणि तिच्यात स्टेरॉइड दळून घातलंय,” त्या म्हणाल्या. “त्याने भूक वाढते, तोंड सुजतं, ताप उतरतो.”

“पण महाराज म्हणायचे, शक्ती झोपली होती.”

“झोपली कुठे, काका? तिला झोपच मिळत नव्हती. विषाणू शिरला की पेशी इंटरफेरॉन सोडतात. ती धोक्याची हाक. आजूबाजूच्या पेशी त्याने सावध होतात. सुरुवातीला ती कामाचीच. पण एचआयव्ही जात नाही, म्हणून हाक थांबत नाही. वर्षानुवर्षं तीच हाक ऐकून लढणाऱ्या पेशी थकतात, मरतात. गोळ्या विषाणूला दाबून ठेवतात, मग हाकही मंदावते. या महाराजांनी गोळ्या बंद केल्या आणि पुडीने नुसती हाक दाबली. घरात चोर मोकळा, भोंगा तेवढा बंद.”

“आणि शेवटी अंग गार पडलं ते?”

“लढायला पेशीच उरल्या नाहीत, म्हणून दुसरे जंतू रक्तात पसरले असणार. तेव्हा असं अंग गार पडतं.”

भगवंत तडक जमुनाबाईंच्या दारात गेला आणि ऐकलेलं सगळं सांगितलं.

“नवस मोडला तर आई कोपेल, भाऊ.”

“नवस आईने नाही मागितला, त्या माणसाने मागितला. त्याला एवढंच विचारा, पुडीत काय आहे? जे औषध घरच्यांपासून आणि डॉक्टरांपासून लपवून घ्यायला सांगतात, ते घेऊच नये. पण पुडीही स्वतःच्या मनाने एकदम सोडू नका, त्यातलं स्टेरॉइड अचानक थांबलं तर जिवावर बेततं, असं डॉक्टर म्हणाल्या. उद्या माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चला.”

“महाराजांना विचारून सांगते,” म्हणत त्यांनी दार लावून घेतलं.

भगवंतने पोलिसांत तक्रार दिली आहे. सोमवारी महाराजांचा दरबार पुन्हा भरणार आहे. जमुनाबाईंच्या गोळ्या अजून पुन्हा सुरू झालेल्या नाहीत.